रंग विटतो की मन विटते? दिग्दर्शकाच्या दृश्यशैलीविषयी

तुमचे पत्र आणि सोबतची अकरा मिनिटांची फिल्म, दोन्ही मिळाले. पत्रात तुम्ही लिहिले आहे की वेस अँडरसन या अमेरिकी दिग्दर्शकाचा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही, पण आता त्याचा नवा चित्रपट पाहताना पुढची चौकट कशी असेल हे आधीच कळते आणि कंटाळा येतो. त्यावरून तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत: दिग्दर्शकाची ओळख बनलेली दृश्यशैली काळाबरोबर शिळी होतेच का, आणि होत असेल तर तुमच्यासारख्या नवोदिताने स्वतःची अशी शैली घडवण्याच्या मागे लागावे का. मी पस्तीस वर्षे बडोद्यात राहून कॅमेरा चालवतो आहे. माहितीपट, कारखान्यांसाठी केलेल्या फिल्म, काही गुजराती आणि दोन मराठी कथापट असे माझे काम आहे. या कामात तुमच्या पहिल्या प्रश्नाने मलाही बराच काळ छळले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी माझे मत सांगतो. शैली शिळी होऊ शकते, पण पुनरावृत्तीमुळे होत नाही. कॅमेऱ्यासमोर जो माणूस आहे, जी जागा आहे, जो प्रसंग घडतो आहे, त्याचा शैलीवर काहीच परिणाम होईनासा झाला की ती शिळी होते. असे एखाद्याच्या पहिल्याच चित्रपटात घडलेले मी पाहिले आहे, आणि एखाद्याच्या पन्नासाव्या चित्रपटातही ते घडलेले नसते. आपल्या भाषेत रंग विटतो आणि मनही विटते. दोन्हींना क्रियापद एकच आहे. तुमच्या प्रश्नात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या करायला हव्यात.

त्यासाठी लांब जायला नको. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये नव्या राजवाड्यासाठी त्याच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले होते. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवदेवता ओलिओग्राफच्या, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांच्या रूपाने घराघरांत गेल्या. माझ्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी त्याच वंशातली, पण ती नकलेच्या नकलेची नक्कल होती. दिनदर्शिकांवर, काडेपेट्यांवर, उदबत्तीच्या पुड्यांवर तेच चेहरे पाहून पाहून, ललितकला शाखेत शिकत असताना, रविवर्म्याचे नाव निघाले तरी आम्ही मान फिरवत असू. बाविसाव्या वर्षी एका शिक्षकांनी मला जवळजवळ हाताला धरून त्या मूळ चित्रांसमोर उभे केले. नऊवारीच्या काठाचे वजन, गळ्याखालची उबदार तपकिरी सावली, मागच्या अंधारात विरत गेलेला खांदा, हे सगळे एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे तासन्‌तास पाहिल्याशिवाय येत नाही. त्या चित्रांचे रंग विटलेले नव्हते. मन माझे विटले होते, आणि तेही मूळ चित्रे न पाहताच.

तुमच्या कंटाळ्यातला काही भाग असाच आहे, असे मला वाटते. गेल्या काही वर्षांत अँडरसनच्या समोरासमोरच्या, मध्यरेषेवर दुमडल्यासारख्या चौकटींची नक्कल करणाऱ्या लघुचित्रफितींची लाट येऊन गेली. २०२३ मध्ये तर ती फारच जोरात होती. दुकानाची पाटी, रेल्वेचा डबा, न्याहारीची ताटली, सगळे मधोमध आणि फिक्या गुलाबी-पिवळ्या रंगांत. जाहिरातवाल्यांनीही तेच केले. तुम्ही त्या दिग्दर्शकाचे दहा-बारा चित्रपट पाहिले असतील, पण त्याच्या नकला हजारांनी पाहिल्या आहेत. विटलेपण कुठून आले हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासल्याशिवाय त्याचा दोष मूळ माणसावर टाकू नये.

नकलेचा आणखी एक शेवट असतो आणि तो चांगला असतो. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारावे लागले, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून प्रकाश परतवला, म्हणजे उघड्या अंगणात आकाशातून झिरपतो तसा सावलीविरहित उजेड मिळाला. गरजेतून निघालेली ती एका माणसाची युक्ती होती. आज बडोद्यातल्या लग्नाचे व्हिडिओ काढणाराही छताला दिवा मारून तोच उजेड आणतो, आणि त्याला कुणी शिळा म्हणत नाही, कारण ती शैली राहिली नाही, व्याकरण झाली. काही शैली अशा विरघळून जातात. काही मात्र सही केल्यासारख्या इतक्या ठळक असतात की त्यांना विरघळता येत नाही, आणि तुमचा प्रश्न खरे तर त्यांच्याविषयी आहे.

अशा ठळक शैलीसाठी अनेक वर्षे माझी एक कसोटी होती. नटाने कुठे उभे राहायचे ती जागा, म्हणजे सेटवरच्या भाषेत 'मार्क', तालमीच्या आधी दिला जातो की नंतर, हे मी पाहत असे. तालीम पाहून मग कॅमेरा लावणारा दिग्दर्शक जिवंत, आणि चौकट आधी कागदावर काढून नटाला तीत बसवणारा दिग्दर्शक साचेबंद, असा माझा हिशेब होता. तो यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाने चुकीचा ठरवला.

ओझूइतका हट्टी दिग्दर्शक क्वचितच झाला असेल. त्याच्या उत्तरकाळातील चित्रपटांत कॅमेरा जवळजवळ नेहमी जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही किंचित खाली असतो. लेन्स बहुतेक वेळा ५० मिलिमीटरची, म्हणजे फार रुंदही नाही आणि फार लांब पल्ल्याचीही नाही अशी. माणसे बोलतात ती जवळजवळ थेट लेन्सकडे पाहून. आणि दोन प्रसंगांच्या मध्ये रिकामा बोळ, वाळत घातलेले कपडे, धुराडी असे काहीतरी निःशब्दपणे येऊन जाते. १९५८ पासून त्याने सहा रंगीत चित्रपट केले आणि त्या सहांत कॅमेरा हलत नाही. नटाने मान किती वळवायची, पेला कधी खाली ठेवायचा, हेही तो ठरवून देई आणि मनासारखे होईपर्यंत टेकमागून टेक घेई. आपण टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, करणारे आहोत, तेव्हा टोफूच करणार, अशा अर्थाचे तो स्वतःच म्हणत असे. माझ्या कसोटीप्रमाणे हा माणूस पन्नाशीच्या आतच शिळा व्हायला हवा होता.

आता त्याचे दोन चित्रपट एकाच आठवड्यात पाहा. 'लेट स्प्रिंग' १९४९ चा आहे. त्यात सेत्सुको हारा ही अभिनेत्री विधुर बापाला एकटे सोडून लग्न करायला तयार नसलेली मुलगी आहे. 'लेट ऑटम' १९६० चा. त्यात तीच सेत्सुको हारा विधवा आई आहे, जिची मुलगी तिला सोडून लग्न करायला तयार नाही. कथेचा सांगाडा तोच, कॅमेऱ्याची उंची तीच, दारांच्या उभ्या रेषांमधून दिसणाऱ्या खोल्याही तशाच. आणि नेमके म्हणूनच त्या चेहऱ्यावरून गेलेली अकरा वर्षे आपल्याला दिसतात. पहिल्या चित्रपटात जी मुलगी दुखावलेली नजर खाली वळवते, ती दुसऱ्यात मुलीच्या लग्नानंतर रिकाम्या खोलीत एकटी बसते, तेव्हा आपण दोन बायका एका वेळी पाहत असतो. दुसऱ्या खेपेला ओझूने कॅमेरा उंच नेला असता किंवा ट्रॉलीवर ठेवला असता, तर मी कॅमेऱ्याकडे पाहत बसलो असतो. त्याने स्वतःला न हलू देऊन काळाला हलताना दाखवले. इथे चौकट आधी ठरलेली आहे, नट तीत बसवलेले आहेत, आणि तरीही समोरच्या माणसाचा परिणाम चौकटीवर होतो, कारण ती चौकट त्या माणसाने भरल्याशिवाय तिला अर्थच नाही.

व्यवसायातल्या माणसाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटेल. १९५९ मध्ये ओझूने 'फ्लोटिंग वीड्स' हा चित्रपट नेहमीच्या कंपनीबाहेर केला, तेव्हा त्याचे नेहमीचे कॅमेरामन युहारू अत्सुता यांच्याऐवजी काझुओ मियागावा आले. कुरोसावाच्या 'राशोमोन'मध्ये पानांतून झिरपणारे ऊन टिपणारे तेच हे मियागावा. त्यांचा स्वभाव फिरत्या कॅमेऱ्याचा, खोल काळ्या रंगाचा. त्यांनी ओझूचे सगळे नियम पाळले. पण त्यातला पावसाचा प्रसंग पाहा: रस्त्याच्या दोन बाजूंना वळचणीखाली उभे राहून फिरत्या नाटककंपनीचा मालक आणि त्याची सोबतीण एकमेकांवर ओरडतात आणि मधून मुसळधार पाऊस कोसळतो. चौकट ओझूचीच आहे, पण त्या पावसाचे वजन मियागावांचे आहे. इतक्या कडक शैलीतही दुसऱ्या माणसाच्या हाताला जागा होती. फैयाज खाँसाहेबांच्या या गावात गाणे ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. बंदिश तीच आहे म्हणून दर्दी श्रोता उठून जात नाही. तान घरून घोटून आणली आहे आणि आजच्या ठेक्याशी तिचे काही नाते नाही, हे लक्षात आले की तो उठतो.

आता माझी स्वतःची घोटलेली तान सांगतो. नव्वदच्या दशकात मला एक तऱ्हा सापडली होती. एकाच बाजूने भिंतीला घासून जाणारा प्रकाश, लांब पल्ल्याची लेन्स, आणि समोर काहीतरी धूसर ठेवून त्यापलीकडे विषयावर हळूच येणारा फोकस. कारखान्यांच्या फिल्ममध्ये यंत्रांवर ही तऱ्हा फार खुलत असे. लोखंडाला त्वचा यावी तसे दिसे. कामे मिळत गेली. निर्माते तेच मागू लागले आणि मला स्वतःलाही त्याचा अभिमान वाटे. १९९८ मध्ये छोटाउदेपूरकडच्या राठवा लोकांच्या पिठोरा चित्रांवर एक माहितीपट करायचा होता. नवस फेडायचा झाला की घरातल्या मुख्य भिंतीवर, ओसरीच्या आत, पिठोरा लिहवून घेतला जातो. भिंत शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवतात, रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात, लखारे, म्हणजे ही चित्रे लिहिणारे, घोडे काढतात, आणि पूजेच्या वेळी बडवो, म्हणजे त्यांचा भगत, अंगात येऊन एकेका आकृतीपाशी जातो आणि सगळे नीट आले आहे की नाही याची खात्री करतो.

घर अंधारे होते. मी सवयीने डावीकडून एक दिवा लावला, लांब लेन्स चढवली, आणि एकेक घोडा, एकेक बोट, पळसाच्या पानाच्या द्रोणातला रंग असे तीन दिवस टिपत राहिलो. प्रत्येक शॉट देखणा होता. पुढे संकलनाच्या टेबलावर बसलो तेव्हा लक्षात आले की सबंध भिंत एकाही शॉटमध्ये नाही. पिठोरा हे मुळात एक विश्व आहे. घोडे कोणत्या क्रमाने चालले आहेत, कोण वर, कोण खाली, भोवतालची चौकट कुठे उघडी सोडली आहे, यात त्याचा सगळा अर्थ आहे, आणि बडव्याचे ते एकेका आकृतीपाशी जाणे मी अशा तुकड्यांत पकडले होते की क्रम पार हरवला होता. पूर्ण झालेली फिल्म आम्ही गावात नेऊन दाखवली. सगळ्यात वयस्क लखाऱ्याने शांतपणे पाहिली आणि गुजरातीत एवढेच विचारले, की यात भिंत कुठे आहे. त्या दिवसाइतकी शरम मला या व्यवसायात पुन्हा कधी वाटली नाही.

दोन वर्षांनी मी स्वखर्चाने परत गेलो, दुसऱ्या घरी, दुसऱ्या नवसाच्या वेळी. या खेपेला कॅमेरा भिंतीच्या मधोमध, साध्या लेन्सने, दारातून येणाऱ्या उजेडातच ठेवला आणि तो बराच वेळ हलवला नाही. तेव्हा दिसले की घोडे तेच आहेत, क्रम तोच आहे, रंगही बरेचसे तेच आहेत. पण पहिल्या घरी मूल आजारातून उठले होते आणि या घरी गुरे वाचली होती, आणि चित्र पाहायला जमलेल्या माणसांचे चेहरे त्या त्या कारणाने वेगळे होते. ते लखारे आयुष्यभर तेच लिहीत आले आहेत, तरी ते शिळे झालेले नाहीत. शिळा मी झालो होतो, तेही माझे नाव व्हायला लागून पाच-सात वर्षेच झाली असताना.

मराठी प्रेक्षकाला या बाबतीत व्ही. शांतारामांइतके शिकवणारे दुसरे उदाहरण नाही, आणि त्यांच्याविषयी घाईने निकाल देणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही. 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरूचा डोळा त्यांनी टेलिफोटो लेन्सने पडदाभर आणला. 'कुंकू'मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत टाळून घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवरच चित्रपट तोलला. तीन वर्षांत इतका फरक, कारण विषय वेगळा होता. पुढे 'झनक झनक पायल बाजे'पासून (१९५५) रंगांचा, नृत्याचा, भव्य नेपथ्याचा शांताराम सुरू होतो. लोक असे समजतात की तिथून उतरण लागली. पण मध्येच १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' आहे, औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर आधारलेला, कृष्णधवल, उघड्या माळरानावरचा. रंग हातात आलेला माणूस रंग बाजूला ठेवू शकत होता, कारण त्या सहा कैद्यांना रंग नको होता. साठच्या दशकातील त्यांच्या काही चित्रपटांत मात्र, माझ्या मते, नृत्याचा मंडप कथेच्या आधी उभा राहिला आणि कथा नंतर शोधली गेली असे वाटत राहते. कारंजी, पायऱ्या, फुले कुठल्याही चित्रपटातून उचलून कुठेही ठेवता येतील.

आणि मग १९७२ मध्ये 'पिंजरा' येतो. त्याच भडक रंगांना अचानक जमीन मिळते, कारण तमाशाचा फड हाच मुळी भडक रंगांचा असतो, आणि डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तरांच्या साध्यासुध्या जगावर तो रंग चढत जाणे हीच त्या चित्रपटाची गोष्ट आहे. शैली तीच होती; विटलेली वाटत होती; योग्य विषय समोर आला तशी ती पुन्हा बोलू लागली. म्हणून एखाद्याची शैली संपली, असे मी आता कधी म्हणत नाही. फार तर या चित्रपटात ती गप्प होती, एवढे म्हणतो.

हीच दृष्टी घेऊन तुमच्या दिग्दर्शकाकडे येऊ. 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मध्ये (२०१४) पडद्याचे तीन आकार आहेत: १९३० च्या दशकासाठी जुना, जवळजवळ चौकोनी, १९६० च्या दशकासाठी रुंद, आणि १९८० च्या दशकासाठी आजच्या सवयीचा. हा खेळ नाही. काळाला दिलेला तो आकार आहे. हॉटेलचा तो व्यवस्थापक अत्तर, कविता, नीटनेटकेपणा यांच्या जोरावर एका क्रूर होत चाललेल्या जगाशी उभा आहे, म्हणजे दिग्दर्शकाची नीटनेटकी शैली हाच त्या माणसाचा स्वभाव झाला आहे. आणि शेवटी शिपाई दुसऱ्यांदा गाडी थांबवतात तेव्हा पडद्यावरून रंगच निघून जातो. प्रसंगाने शैलीला धक्का दिला आणि शैलीने तो लागू दिला. याउलट 'द फ्रेंच डिस्पॅच'मध्ये (२०२१) मला तसे जाणवले नाही. प्रत्येक कोपरा इतका भरलेला, प्रत्येक वाक्य इतके धावते, की कुणी मेले काय आणि कुणी जेवले काय, चौकटीला ते कळत नाही असे वाटले. तुमचा कंटाळा तिथला असेल तर तो खरा आहे. पण पुढच्याच 'अ‍ॅस्टेरॉइड सिटी'मध्ये (२०२३) दोन समोरासमोरच्या सज्जांत उभे राहून एक नट आणि एक नटी बोलतात, चित्रपटातून काढून टाकलेल्या प्रसंगातले संवाद ती त्याला म्हणून दाखवते, आणि त्या कृष्णधवल चौकटीत अचानक हवा येते. १९९६ पासून त्या चित्रपटापर्यंतचे, बाहुल्यांचे दोन सोडून, त्याचे सर्व कथापट रॉबर्ट येओमन यांनी चित्रित केले होते; २०२५ च्या 'द फिनिशियन स्कीम'साठी ब्रुनो देलबोनेल आले. तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा मध्यरेषा मोजू नका. चेहऱ्यावरचा आणि भिंतीवरचा प्रकाश पाहा, आणि ओझूच्या घरात मियागावा आल्यावर जे झाले त्यातले काही इथे झाले आहे का ते स्वतः ठरवा.

नेपथ्यात राहणाऱ्या शैलीविषयीही एक शब्द सांगून टाकतो. संजय लीला भन्साळी यांचे छायालेखक बदलत गेले, तरी चित्रपट लांबून ओळखू येतो, कारण ती शैली लेन्समध्ये नसून झुंबरात, आरशात, कापडात आहे. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) पाहताना मराठी माणसाला जे खटकले, त्यात इतिहासाचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. पेशव्यांच्या घराला सारवलेल्या ओसरीचा, लाकडी खांबांचा, पाटावर बसून जेवणाऱ्या माणसांचा एक काटकसरी देखणेपणा होता आणि त्या देखणेपणाचा शैलीवर परिणाम होऊ दिला गेला नाही. माझ्या दृष्टीने हा ऐतिहासिक चुकीपेक्षा मोठा तोटा आहे.

साधनांनीही हे सोपे केले आहे. फिल्मवर काम करताना कच्ची फिल्म बदलली, मुंबईच्या प्रयोगशाळेतले रसायन बदलले, की रंग बदलत आणि दर वेळी पुन्हा डोळे उघडून ठरवावे लागे. आता मागच्या चित्रपटाचे रंग संगणकात जसेच्या तसे जपून ठेवता येतात आणि नव्या चित्रपटावर क्षणात चढवता येतात. एका निर्मात्याने मला शूटिंगच्या आधीच मागच्या फिल्मचा 'लूक' मागितला होता. कुठे शूट करायचे हे तोवर ठरलेले नव्हते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्वतःची शैली शोधू नका. बंधने निवडा, आणि ती विषय पाहून निवडा. मणी कौल यांनी 'उसकी रोटी'मध्ये (१९६९) २८ आणि १३५ मिलिमीटर, म्हणजे एक रुंद आणि एक लांब पल्ल्याची, अशा दोनच लेन्स वापरल्या, वाट पाहणाऱ्या एका बाईसाठी. इतक्या कडक चौकटींमुळे ओळखला जाणारा हाच दिग्दर्शक 'नौकर की कमीज'पर्यंत (१९९९) आला तेव्हा त्याने कॅमेरामनला चित्रीकरण करताना कॅमेऱ्यातून पाहायलाच मनाई केली. मी असतो तर पहिल्या दिवशी भांडलो असतो. पण त्यामागची निकड मला कळते: आपल्या हाताला जे आपोआप येते त्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. तुम्ही आज तितक्या टोकाला जाण्याची गरज नाही. एक घर घ्या, एक लेन्स घ्या, सकाळ, भर दुपार आणि दिवेलागण अशा तीन वेळा वर्षभर तिथे जा, आणि दर वेळी कॅमेरा कुठे ठेवावासा वाटला ते वहीत लिहून ठेवा, कारणासकट. सहा महिन्यांनी ज्या जागेपुढे कारण लिहायचे तुम्ही विसरू लागाल, तिथे कॅमेरा ठेवणे बंद करा.

वेळ काढून कीर्तिमंदिरात, गायकवाड घराण्याच्या इथल्या स्मारकातही जाऊन या. नंदलाल बोस यांनी तिथल्या भिंती १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या. त्यात गंगावतरण आहे आणि महाभारताचे युद्धही आहे. एकच हात आहे, पण गंगा उतरते तिथली रेषा आणि माणसे मरतात तिथली रेषा एका वेगाने चालत नाही. रविवर्म्याच्या चित्रांपासून ही भिंत काही मिनिटांवर आहे. दोन्ही एकाच दुपारी पाहिल्यास उत्तम.

तुमच्या फिल्मविषयी. दांडियाबाजारच्या जुन्या वाड्यातली तुमची आजी, आणि अकरा मिनिटांत चौतीस शॉट, त्यातल्या तेहेतीस शॉटमध्ये दार बरोबर मधोमध. ते नीट लावलेले आहेत, पण ते तुमच्या आवडत्या दिग्दर्शकाचे आहेत, आणि आजी त्यात पाहुणी आल्यासारखी बसली आहे. सातव्या मिनिटाला मात्र एक शॉट आहे. आजी पान लावते आहे, चुन्याची डबी सापडत नाही, ती बोलणे न थांबवता उजवीकडे हात लांब करते आणि हात चौकटीच्या बाहेर जातो. कॅमेरा मागे जात नाही, आणि डबी चाचपडण्याचा आवाज येत राहतो. तुम्हाला तो शॉट बहुधा चुकलेला वाटला असेल, कारण तुम्ही तो लगेच कापला आहे. मूळ शॉट किती लांब आहे? पुढच्या रविवारी सगळे कच्चे चित्रीकरण घेऊन या. तो हात परत येईपर्यंत काय काय झाले, ते आपण दोघे बसून पाहू.